सोन्याचा मुलामा: अर्थ, हिशेब आणि पुण्यात तो करून घेण्याची रीत

आमच्या घरी गौरींचे दोन पितळी मुखवटे आहेत. एका वर्षी विसर्जनानंतर एका उत्साही पाहुणीने ते उजळावेत म्हणून चिंच आणि भांडी घासायची पूड लावून घासले, आणि दोन्ही गौरींच्या नाकांचे शेंडे व गालांचे उंचवटे तांबूस, निस्तेज दिसू लागले. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार मी जन्मभर वापरला होता, पण तो डोळ्यांनी पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि विद्युत्‌विलेपनाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढली. तरीही बाजारात गेल्यावर मला एकही योग्य प्रश्न विचारता आला नाही. त्या खेपेचा मुलामा पुढच्या गौरींपर्यंत टिकला नाही आणि सोबत दिलेली एक ठुशी कायमची बिघडली. पुढच्या दोन खेपांत जे शिकले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. सगळ्या लेखाच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: खाली काय आहे, आणि वर किती आहे.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

एका धातूच्या वस्तूवर दुसऱ्या, सहसा अधिक मौल्यवान, धातूचा पातळ थर कायमचा बसवणे म्हणजे मुलामा देणे. बाजारात याला ‘सोन्याचे पाणी देणे’ म्हणतात, जुन्या पिढीच्या तोंडी ‘गिलीट’ असते, आणि दुकानदार बहुतेक वेळा नुसते ‘पॉलिश’ म्हणतो. हा शेवटचा शब्द सर्वांत घातक आहे, कारण पॉलिश म्हणजे फक्त घासून चकाकी आणणे असाही अर्थ होतो, आणि तुम्ही एक समजून दुसऱ्याचे पैसे देता.

मढवणे हे वेगळे काम आहे. त्यात धातूचा प्रत्यक्ष पत्रा ठोकून बसवतात, तो हाताला लागतो आणि प्रसंगी सोडवून वितळवता येतो. वर्ख म्हणजे ठोकून पातळ केलेले पान, जे चिकटवावे लागते. बेगड हा रंगीत, चमकदार कागदासारखा पत्रा. मखराला लावतात तो. कल्हई म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर, आणि तिचा हेतू शोभेचा नसून अन्न कळकू नये हा असतो.

या शब्दांनी भाषेत पुढे स्वतंत्र संसार थाटले आहेत. बेगडी प्रेम, गोड शब्दांचा मुलामा, ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही सगळी सोनाराच्या आणि तांबटाच्या आळीतून आलेली मंडळी होत. लाक्षणिक अर्थाने मुलामा बहुधा वाईटच असतो, म्हणजे आतले हिणकस झाकण्यासाठी केलेली सारवासारव. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मुलाम्यात लबाडी नाही. मुलामा दिलेली वस्तू सोन्याची म्हणून विकली किंवा तारण ठेवली, की लबाडी सुरू होते. (जेजुरीला सोन्याची म्हणतात ती तर भंडाऱ्याच्या हळदीने, आणि दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. तेथे कोणीच फसत नाही.)

पूर्वी हे काम पाऱ्याने होत असे. सोने पाऱ्यात कालवून वस्तूवर माखायचे आणि तापवून पारा उडवून द्यायचा. ती वाफ कारागिराच्या जिवावर बेतणारी असे. विजेच्या साहाय्याने सोने चढवण्याचा प्रयोग इटलीतील ब्रुन्यातेल्ली यांनी १८०५ मध्ये केला, आणि १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणावर आधारलेल्या पद्धतीचे पेटंट घेतल्यावर त्याचा धंदा झाला. आजही मूळ रीत तीच आहे: सोन्याचा क्षार विरघळलेले कोमट द्रावण, त्यात ऋण टोकाला टांगलेली तुमची वस्तू, आणि एका दिशेने वाहणारी वीज.

उपयोग केवळ दागिन्यांपुरता नाही. मोबाइलच्या सिमकार्डावरचे पिवळे चौकोन सोन्याच्या मुलाम्याचे असतात, कारण सोने गंजत नाही आणि वीज विनाअडथळा जाऊ देते. अवकाशातील जेम्स वेब दुर्बिणीचे अठरा आरसे बेरिलियमचे असून त्यांवर सोन्याचा सुमारे ०.१ मायक्रॉन जाडीचा थर आहे, कारण अवरक्त प्रकाश सोन्यावरून उत्तम परावर्तित होतो. जिला कोणी हात लावणार नाही अशा वस्तूला इतका थर पुरतो. रोज गळ्यात घासणाऱ्या ठुशीला तो महिनाभरही पुरणार नाही.

२. खालची वस्तू कशाची आहे ते ओळखा

ही पायरी मी गाळली होती. घरून निघण्यापूर्वी वस्तूजवळ लोहचुंबक न्या. ती चिकटली तर आत लोखंड आहे किंवा आधीचा जाड निकेलचा थर आहे. पितळ, तांबे आणि चांदी चिकटत नाहीत. बाजारातले हलके, ओतीव दागिने बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, आणि त्यांना आधी तांब्याचा थर दिल्याशिवाय सोने नीट धरत नाही.

तांबे आणि पितळ यांच्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांब्याचे अणू कालांतराने सोन्याच्या थरात शिरतात आणि पृष्ठभाग काळवंडतो. म्हणून मध्ये निकेलचा अडसर घालतात. चांदीचेही असेच होते. परंतु निकेलने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून कानातली आणि नथ यांच्यासाठी ‘खाली निकेल नको’ असे स्पष्ट सांगावे, पॅलेडियम या धातूचा थर मिळतो का ते विचारावे, आणि तो मिळत नसेल तर सोन्याचा थर जाड घ्यावा. मुखवट्यांना त्वचेचा प्रश्न नाही, तेथे निकेल अवश्य असू द्यावे.

आता माझ्या ठुशीविषयी. जुन्या घडणीच्या पुष्कळ पोकळ दागिन्यांत आतून लाख भरलेली असते. असा दागिना गरम द्रावणात बुडवला की लाख मऊ होते, सांध्यांतून द्रावण आत शिरते, आणि नंतर महिनोन्‌महिने तेथून हिरवट पाणी पाझरत राहते. माझ्या ठुशीच्या प्रत्येक मण्याभोवती असे हिरवे कडे उमटले. कारागिराने विचारले नाही आणि मी सांगितले नाही, दोघेही चुकलो. दागिना वजनाच्या मानाने फुगीर वाटत असेल आणि मण्याच्या भोकाशी तपकिरी-काळे काही दिसत असेल, तर आत लाख आहे असे धरून चाला.

मोती, पोवळी आणि पाचू द्रावणात जाऊच नयेत. मोत्यांची नथ, तन्मणी, चिंचपेटी यांचे मोती आधी सोडवून घ्यावेत, धातूचे भाग तेवढे मुलाम्याला द्यावेत आणि मग पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावेत. खर्च वाढतो, पण आम्लाने मेलेल्या मोत्याला पुन्हा पाणी चढत नाही.

३. सोन्याचा हिशेब घरीच करा

मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शुद्ध सोन्याची घनता दर घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम आहे, त्यावरून सूत्र निघते:

क्षेत्रफळ (चौरस सेंमी) × जाडी (मायक्रॉन) × ०.००१९३ = सोने (ग्रॅम)

क्षेत्रफळ काढण्यासाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल वस्तूवर चापून बसवा, मग ती सोडवून, सपाट करून आलेखाच्या कागदावर ठेवा आणि चौकोन मोजा. माझ्या दोन मुखवट्यांचा बाहेरचा भाग मिळून सुमारे ८०० चौरस सेंटीमीटर भरला. अर्ध्या मायक्रॉनला ०.७७ ग्रॅम सोने लागते, एक मायक्रॉनला दीड ग्रॅमहून थोडे अधिक. दोन्ही बाजू धरून १०० चौरस सेंटीमीटर भरणाऱ्या हाराला अर्धा मायक्रॉन देण्यास ०.०९७ ग्रॅम, म्हणजे पुरते गुंजभरही सोने लागत नाही. (तोळ्याच्या ९६ गुंजा, त्यामुळे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची. किती विजेने किती धातू उतरतो हे सांगणाऱ्या फॅरडेच्या नियमाने एक अँपिअर वीज एक मिनिट वाहिली तर सायनाइडच्या द्रावणातून सिद्धांततः जवळपास तेवढेच, एक गुंज, सोने उतरते. हा योगायोग मला वर्गात शिकवताना कधी सुचला नाही याची चुटपुट अजून आहे.)

मिळालेल्या आकड्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. कारागिराने सांगितलेली एकूण रक्कम या आकड्यापेक्षाही कमी असेल, तर सांगितलेली जाडी मिळणार नाही हे उघड आहे, कारण मजुरी, निकेल आणि घासकाम यांचा खर्च त्यावर असतो.

‘एक ग्रॅम सोन्याचे’ दागिने घेतानाही हेच सूत्र वापरा. १०० चौरस सेंटीमीटरच्या हारावर खरोखर एक ग्रॅम सोने चढवले, तर थर पाच मायक्रॉनांहून जाड होईल आणि सोन्याचीच किंमत एका ग्रॅमच्या भावाइतकी होईल. हार त्याहून कितीतरी स्वस्त मिळत असेल, तर ‘एक ग्रॅम’ हे त्या मालाचे फक्त नाव समजावे.

माझ्या अनुभवाने जाडीचे गणित असे ठेवावे: वर्षातून दोनदा निघणाऱ्या वस्तूला अर्धा ते एक मायक्रॉन, नेहमीच्या हाराला एक ते दोन, आणि रोजच्या बांगडीला अडीच किंवा अधिक. चांदीवर अडीच मायक्रॉन सोने चढवलेल्या मालाला परदेशी बाजारात ‘व्हर्मेल’ हे वेगळे नाव आहे. अंगठीला मुलामा देण्याच्या भानगडीत पडू नये. तळव्याच्या बाजूने तो फार लवकर जातो.

४. मुलामा कधी देऊ नये

पाणी पिण्याच्या तांब्याला देऊ नये. पैंजण आणि जोडवी यांना दिल्यास घरातील वडीलधारी बाई बोलल्याशिवाय राहणार नाही, कारण पायात सोने घालत नाहीत. जुन्या चांदीच्या वस्तूवर घासून-पुसून आलेली जी काळसर नक्षीची खोली असते, ती मुलाम्याआधीच्या घासकामात नाहीशी होते आणि परत येत नाही. आजोळची एखादी चांदीची अत्तरदाणी असेल, तर तिला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

याच ठिकाणी लाक्षणिक मुलाम्याचा एक नवा अर्थ सांगितला पाहिजे, कारण तो पुण्यात रोज ऐकू येतो. हिंजवडीला नोकरी लागलेल्या माझ्या भाच्याला पहिल्याच वर्षी ‘तू गोल्ड प्लेटिंग केलेस’ असे सुनावण्यात आले. कौतुक समजून तो घरी आनंदाने सांगू लागला, आणि ती तक्रार होती हे त्याला नंतर कळले. प्रकल्प व्यवस्थापनात या शब्दाचा अर्थ असा आहे की, ग्राहकाने मागितलेले आणि कागदावर ठरलेले काम पूर्ण झाल्यावर, न मागितलेल्या सोयी आपल्या हौसेने जोडत बसणे. ग्राहकाने हिशेबाचा साधा तक्ता मागितला होता. भाच्याने त्यात रंग बदलणारे आलेख घातले, त्यांतल्या एका आलेखामुळे मूळ तक्ता उघडायला वेळ लागू लागला, आणि चाचणी करणाऱ्यांचे चार दिवस जादा गेले. येथे हेतू चांगला असतो आणि वरचा थर खराही असतो. बिनसते ते एवढ्यावरच की, तो कोणी मागितलेला नसतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या वेळेतून जाते. युरोपातही हाच शब्द कायद्यांविषयी वापरतात: युरोपीय संघाचा निर्देश आपल्या कायद्यात आणताना एखादा देश स्वतःच्या जादा अटी घालतो, तेव्हा त्याने निर्देशावर मुलामा चढवला असे म्हणतात.

अशा नोकरीत नवीन असाल, तर मुखवट्यांच्या वेळी लावली तीच, सारे आधी लिहून काढण्याची रीत कामाला लावा. ठरलेले काम एका रकान्यात लिहा, सुचलेली भर दुसऱ्या रकान्यात लिहा, आणि दुसऱ्या रकान्यातील काहीही मागणी व मंजुरी लेखी मिळाल्याशिवाय हाती घेऊ नका. भाचा आता तसे करतो. दुसऱ्या रकान्यातील निम्म्या गोष्टी दोन दिवसांनी त्यालाच नकोशा वाटतात, असे तो सांगतो.

५. कोठे जावे आणि सोबत काय न्यावे

मुखवटा चेपला असेल किंवा डाक (सांध्याचे जोडकाम) सुटला असेल, तर आधी कसबा पेठेतील तांबट आळीत ठोकाठोकी करून घ्यावी. मुलाम्यानंतर ठोकल्यास थर फुटतो. मुलाम्यासाठी लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठ या पट्ट्यात चौकशी करावी. तुळशीबागेत तयार मुलाम्याचे दागिने भरपूर मिळतात, आणि तेथील विक्रेते आपला माल कोणाकडे देतात हे विचारल्यास कधीकधी खरा पत्ता हाती लागतो. दर्शनी दुकान बहुधा काम स्वतः करत नाही, आतल्या गल्लीतील कारागिराकडे पाठवते. कारागिराशी प्रत्यक्ष बोलता आले तर निम्मे गैरसमज टळतात.

वेळ आषाढातली निवडावी. श्रावण लागला की सगळ्या पुण्याचे मुखवटे एकदम बाहेर पडतात आणि घाईत निकेलच्या थराला कात्री लागते. लग्नसराई आणि दिवाळीपूर्वीचे दिवसही टाळावेत.

सोबत न्यावयाच्या वस्तू:

- वस्तूचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, दिवसाच्या उजेडात.
- घरी केलेल्या वजनाची नोंद, आणि शक्य असल्यास ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा.
- मूळ खरेदीची पावती, असल्यास.
- भिंग आणि लोहचुंबक.
- रंगाच्या नमुन्यासाठी घरातला एखादा दागिना. ‘पिवळा’ म्हणजे किती पिवळा यावर फार वाद होतात, आणि सोन्यासोबत तांबे उतरवले की छटा लालसर होते.

वस्तू देताना कामाची चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर पुढील गोष्टी लिहून घ्या: वस्तूचा धातू, वजन, खालचा थर कशाचा, सोने किती मायक्रॉन आणि किती कॅरेट, वरून लॅकर (पारदर्शक वार्निश) आहे की नाही, लाख किंवा खडे आहेत का, परत देण्याची तारीख. मुखवट्यासारखी पोकळ वस्तू असेल तर ‘आतून मुलामा नको’ हेही लिहावे. आतला भाग लॅकर लावून झाकता येतो. न झाकल्यास तोही सोने ओढतो आणि बाहेरचा थर त्या प्रमाणात पातळ होतो. ‘मायक्रॉन कशाला, चांगले जाड करून देतो’ असे उत्तर आले की नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे. मी तसे दोनदा केले.

दोन सापळे मात्र कधीही विसरू नयेत. दारावर येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती खरे सोने देऊ नका. त्याच्या वाडग्यातील द्रावण आम्लाचे असते, ते सोने विरघळवून घेते, आणि दागिना चकचकीत पण हलका होऊन परत येतो. दुसरे म्हणजे, घरी मुलामा देण्याचे संच मागवू नका. सायनाइडचे द्रावण घरात ठेवण्याची गोष्ट नाही, आणि ते मोरीत ओतणे हा नदीशी केलेला गुन्हा आहे.

६. परत घेताना काय पाहावे

दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली काहीच पाहू नका; वस्तू दारात, उजेडात न्या. नक्षीच्या खोलगट रेषांत रंग फिका आहे का, कडांशी करपल्यासारखे डाग आहेत का, आणि टांगलेल्या तारेची खूण कोठे राहिली आहे ते भिंगातून पाहावे. मग मागच्या बाजूस चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. तिच्यावर पिवळे कण आले, तर आधीची धुलाई नीट झालेली नाही आणि थर पापुद्रे धरून निघणार आहे. ही चाचणी कारागिरासमोरच करावी. चांगला कारागीर रागावत नाही.

वजन वाढले म्हणून सोने चढले असे समजू नये. घासकामात पितळ जाते आणि निकेलने वजन वाढते, त्यामुळे बेरीज-वजाबाकीतून काहीच सिद्ध होत नाही. काही ठिकाणी टंच (सोन्याची शुद्धता) काढण्याचे क्ष-किरणांचे यंत्र असते. थराची जाडी मोजण्याची सोय त्यात असेल, तर थोडे पैसे देऊन मोजून घ्यावी. त्याच यंत्राने उलटी फसगतही होऊ शकते, कारण ते वरचे काही मायक्रॉनच पाहते, आणि जाड मुलाम्याची बांगडी त्याला चांगल्या सोन्याची भासू शकते.

म्हणून जुना दागिना कोणी ‘सोन्याचा’ म्हणून विकत असेल, तर यंत्राच्या आकड्यावर थांबू नका. भारतात १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असावा लागतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तपासता येतो. मुलाम्याच्या पितळी मालाला हा शिक्का मिळत नाही. त्याआधीच्या बिनशिक्क्याच्या दागिन्याला आतल्या बाजूस कानशीने बारीक खाच पाडून कसोटीवर कस पाहणे, हा जुनाच उपाय आजही चालतो.

७. घरी आणल्यावर

घाम, अत्तर आणि साबण हे तीन शत्रू आहेत. दागिना अत्तर लावून झाल्यावर घालावा आणि सर्वांत आधी काढावा, मऊ सुती कापडाने हलके टिपावा, घासू नये. मुखवट्यांवरचे हळदकुंकू ओल्या कापसाने उचलून घ्यावे. अंगठ्याने पुसण्याची सवय असेल तर गालांवरचा थर दरवर्षी थोडाथोडा जातो. कपाळाच्या मानाने आमच्या धाकट्या गौरीचा डावा गाल आधी का उघडा पडला, याचे कोडे मला त्यामुळे सुटले: पुजेला बसणारे सगळे उजव्या हाताचे.

लॅकर घ्यावा की नाही याबद्दल मतभेद आहेत. त्याने थर झाकून राहतो हे खरे, पण काही वर्षांनी तो पिवळट होऊन तुकड्यातुकड्यांनी सुटतो आणि पुन्हा मुलामा देताना आधी काढावा लागतो. पातळ थराच्या शोभेच्या वस्तूला असू द्यावा. जाड थराला मी घेत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नये. बटर पेपर, त्यावर सुती कापड, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि प्रत्येक दागिना वेगळ्या पिशवीत.

आमच्या मुखवट्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर तारीख, दोन्ही मुखवट्यांचे वजन, ‘खाली निकेल, वर एक मायक्रॉन, आतून नाही, लॅकर नाही’ एवढे माझ्या अक्षरात आहे, आणि त्याखाली सुनेने लाल शाईने लिहिले आहे: ‘चिंच लावू नये.’